समुद्रकाठची हक्का (दक्षिण चीनमधला एक समाज) घरं कशाची बांधायचे? मातीचीच का?

हक्का म्हटलं की सगळ्यांना चीनच्या फूच्येन प्रांतातले ते मातीचे प्रचंड गोल वाडेच आठवतात, पण ते डोंगराळ भागातले. किनाऱ्याचं बघायचं तर हाँगकाँगच्या साई कुंगमधलं शेउंग यिऊ बघा. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात वोंग घराण्याने वसवलेलं छोटं गाव, उंच जोत्यावर एका ओळीत एकमेकांना चिकटलेली घरं, पुढे धान्य वाळवायला खळं, गोठा, डुकरांचा खुराडा आणि चाच्यांच्या भीतीने टेहळणीचा बुरूज.

खरी गंमत चुन्याची. गावाची स्वतःची भट्टी होती, त्यात समुद्रातले शिंपले आणि पोवळी भाजून चुना काढायचे, तो बांधकामालाही जायचा आणि शेतात खत म्हणूनही. (आपल्या कोकणातही शिंपल्यांचा चुना करायचेच की.) पुढे सिमेंट आलं आणि हा धंदाच बसला.

बाकी त्या भागातल्या हक्का घरांत साधारण खाली दगड, कारण ओल वर चढते, आणि वर करड्या भाजक्या विटा किंवा पैसे कमी असतील तर कच्च्या विटा नाहीतर ठासलेली माती. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा लागतोच, नाहीतर तिथला पाऊस भिंत खाऊन टाकतो. छपराला लाकडी वासे, त्यावर कौलं. आत लाकडी माळा, सामानाला आणि झोपायलाही.

१९८४पासून शेउंग यिऊमध्ये म्युझियम आहे, जमलं तर जाच.