वाचकांचे प्रश्न : प्रकल्प चौघांचा, कोड मात्र एकाचाच

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवते. आमच्या मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यवस्थेवर व्हिडिओ, टिपणे, प्रश्नमंजूषा असे सर्व काही आहे आणि मुलांना गुणही चांगले मिळतात. परंतु प्रकल्पाच्या वेळी चौघांच्या गटात एकच जण कोड लिहितो आणि उरलेले तिघे अहवालावर सही करतात. ऑनलाइन व्यवस्थेत नेमके काय बदलावे?
– एक अध्यापिका, जि. सांगली

उत्तर : आपल्या व्हिडिओंमध्ये उणीव आहे असे मला वाटत नाही, उणीव आहे ती मुलांच्या हाती पडणाऱ्या कामात. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेमुळे या विषयाचे नाव रूढ झाले. तेथे जमलेल्यांना एकट्याने प्रोग्रॅम कसा लिहावा याची चिंता नव्हती. अनेकांनी मिळून केलेली मोठी कामे वेळेत, ठरल्या खर्चात आणि भरवशाची का होत नाहीत, याची होती. तेव्हा दुसऱ्याचा कोड वाचणे, तो बदलणे आणि केलेला बदल सहकाऱ्यांना पटवून देणे, हे मुलांकडून घडले नाही तर हा विषय शिकवला गेला असे म्हणता येणार नाही.

म्हणून दरवर्षी कोऱ्या पाटीवरून प्रकल्प सुरू करणे थांबवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. समजा, यंदाच्या मुलांनी सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांसाठी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, काढणारा प्रोग्रॅम केला. पुढच्या तुकडीला तोच कोड द्यावा आणि सांगावे, की एका शेतकऱ्याची पोती दोन वेगळ्या दरांनी विकली गेली तरी पट्टी एकच निघाली पाहिजे. कोडमधील चलांना (व्हेरिएबल्सना) 'अ', 'ब' अशी नावे का देऊ नयेत, हे दुसऱ्याचा कोड वाचताना कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. त्याआधी मुलांनी एक सकाळ अडत्याच्या दिवाणजींजवळ बसून वजन, दर, हमाली आणि तोलाई यांचा हिशेब प्रत्यक्ष कसा मांडला जातो ते अवश्य पाहावे.

हे काम मूडलच्या जोडीला गिटवर चालवावे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी तयार केलेल्या या साधनात कोणत्या नावाने, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. शिवाय बदल आपल्याच संगणकावर नोंदवून नेट मिळेल तेव्हा पुढे पाठवता येतात, त्यामुळे जत किंवा आटपाडीकडच्या गावी सुट्टीत गेलेल्या मुलाचेही काम अडत नाही. प्रत्येक बदल मुख्य शाखेत, म्हणजे सर्वांच्या सामाईक कोडमध्ये, जाण्यापूर्वी गटातील दुसऱ्याने तो वाचून लेखी शेरा द्यावा आणि स्वयंचलित चाचण्या पार झाल्याखेरीज तो स्वीकारू नये. मात्र नोंदी मोजून गुण देऊ नयेत. मुले एका बदलाचे दहा तुकडे करतील, आणि एकाने दुसऱ्याच्या नावावर नोंद करणेही अवघड नाही. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सहकाऱ्याने केलेला बदल समजावून सांगायला लावावा. सही करणारे तिघे तेथे लगेच लक्षात येतील, आणि पुढच्या वेळी तेही कोड उघडून बसतील.

पहिल्या वर्षी पुढे द्यायला कोड कोठून आणावा, असा प्रश्न आपल्याला पडेल. विभागाच्या कपाटात मागील वर्षांच्या प्रकल्पांच्या सीडी असतील, त्यांतील एक काढून द्यावी. ती आजच्या संगणकावर चालत नसेल, तर ती चालू करणे हेच गटाचे पहिले काम ठरवावे.