एकाच नावाची लव्ह साँग्ज वेगवेगळ्या जॉनरमध्ये सापडतात, ती एकाच गाण्याची कव्हर्स असतात का?

तुम्ही विचारलंय की एकच नाव रॉकमध्ये दिसतं, पॉपमध्ये दिसतं, सोलमध्ये पण दिसतं, मग हे लोक एकमेकांचंच गाणं गातात का. कधीकधी हो, तेव्हा त्याला कव्हर म्हणतात (दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणं), पण बऱ्याचदा गाणं पूर्ण वेगळं असतं, आणि नुसतं नाव बघून ते कळत नाही, गाणं लिहिलंय कोणी ते बघावं लागतं.

सगळ्यात भारी उदाहरण 'द पॉवर ऑफ लव्ह'. 1984 च्या शेवटापासून 1985 च्या मध्यापर्यंत, म्हणजे वर्षभराच्या आत, या एका नावाची तीन गाणी आली आणि तिन्ही गाजली. फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं संथ, ऑर्केस्ट्रा असलेलं, जवळजवळ प्रार्थनेसारखं. जेनिफर रशचं पॉवर बॅलड (हळू सुरू होऊन जोरात चढत जाणारं भावुक गाणं), जे ब्रिटनमध्ये 1985 चं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल ठरलं. आणि ह्युई लुईस अँड द न्यूजचं 'बॅक टू द फ्युचर' सिनेमातलं धडाकेबाज रॉक, जे अमेरिकेत नंबर वन झालं. चाल वेगळी, शब्द वेगळे, लिहिणारे वेगळे, फक्त नाव एक! पुढे कव्हर्स आली तेव्हा गोंधळ अजून वाढला, कारण सेलीन डिऑनने 1993 मध्ये गायलं ते जेनिफर रशचं, आणि गॅब्रिएल ॲप्लिनने 2012 मध्ये गायलं ते फ्रँकीवाल्यांचं, त्यामुळे या दोघींची गाणी लागोपाठ लावली तर एकाच गाण्याचे दोन अवतार ऐकतोय असं समजू नका, ती दोन वेगळी गाणी आहेत. मला स्वतःला फ्रँकीवालं सगळ्यात जवळचं वाटतं, त्यात आवाज चढतो तरी दिखावा वाटत नाही.

'माय लव्ह' चं पण तसंच. पेटुला क्लार्क (1966), पॉल मॅकार्टनी आणि विंग्ज (1973), जस्टिन टिंबरलेक (2006), तीन वेगळी गाणी आणि तिन्ही अमेरिकेत नंबर वन. 'बेस्ट ऑफ माय लव्ह' ईगल्सचं ऐका आणि मग द इमोशन्सचं ऐका, पहिल्यात नातं हातातून निसटतंय आणि दुसऱ्यात पाय आपोआप थिरकायला लागतात.

आता उलटी बाजू, जिथे जॉनर बदलला पण गाणं तेच. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' डॉली पार्टनने स्वतः लिहिलेलं 1974 चं साधं कंट्री गाणं, आणि ते प्रियकरासाठी नाहीच, ज्यांच्या शोमध्ये ती गायची ते पोर्टर वॅगनर, त्यांच्यापासून वेगळं होताना लिहिलेलं. व्हिटनी ह्यूस्टनने 1992 मध्ये सुरुवातीला वाद्यं पार काढून टाकली आणि नुसत्या आवाजावर उचललं, तर तेच शब्द केवढे मोठे झाले बघा.

आणि 'विदाउट यू' मध्ये तर दोन्ही प्रकार आहेत. बॅडफिंगर या बँडचं 1970 चं मूळ, मग निल्सन, मग 1994 मध्ये मरायाह कॅरी, हे सगळं एकच गाणं. पण मॉटली क्रूचं वेगळं आणि डेव्हिड गेटा-अशरचं 2011 चं डान्सवालं अजून वेगळं.

असं होण्याचं कारण सोपं आहे. लव्ह साँगचं नाव बहुतेक वेळा ध्रुवपदातून येतं, तिथे दोन-तीन छोटे, लांबवून गाता येतील असे शब्द लागतात, आणि प्रेमाबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे त्याच शब्दांपाशी येतात. शिवाय अमेरिकेत नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही, शब्द आणि चाल यांना मिळतो, त्यामुळे नाव परत वापरायला अडवणारं कोणी नसतं.

ओळखायचं असेल तर ॲपमध्ये गाण्याचे क्रेडिट्स उघडा. गायकाकडे बघू नका, लिहिणाऱ्यांची नावं बघा. 'विदाउट यू' खाली पीट हॅम आणि टॉम इव्हान्स दिसले तर ते बॅडफिंगरवालंच, मग गाणारं कोणी का असेना.