वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचा सेल्फ, पॉइंट आणि वायरिंग

प्रश्न : माझी डिझेल पिकअप वीस वर्षांची आहे. पहाटे चावी मारली की सेल्फ एकदाच ‘टक’ करतो आणि गप्प बसतो. पाच-सहा वेळा मारल्यावर कधीतरी फिरतो. बॅटरी नवी घातली, सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले, तरी फरक नाही. आता काय बदलू?
– एक वाचक, मंचर

उत्तर : आता काही बदलू नका, मोजा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर तुमच्या नव्या बॅटरीपेक्षा जास्त उपयोगी पडला असता.

एकदाच ठणठणीत ‘टक’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय, पण मोटरला करंट मिळत नाही. (भराभर टकटकटक झालं असतं तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा म्हटलं असतं.) करंट तीन ठिकाणी अडतो : जाड केबलमध्ये, अर्थमध्ये (इंजिन-चेसिसमधून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वाट) किंवा सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टवर.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून धरा किंवा पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. गेली तर दोष बहुधा बॅटरीतच आहे, नवी असली तरी.

मग दुसऱ्याला चावी मारायला सांगा आणि फक्त ‘टक’ होईल त्या क्षणी मीटर वाचा. सेल्फ नीट फिरला तर ते रीडिंग धरू नका.

पहिलं माप सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. ‘टक’ झाल्यावरही तिथे बॅटरीएवढेच १२ व्होल्ट राहत असतील तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. कार्बन आणि बुश बदलताना हा भाग बहुधा उघडलाच गेला नसेल. तिथे जवळपास शून्य असेल तर पुढे जा. दुसरं माप बॅटरीचा प्लस ते सेल्फचा जाड बोल्ट. प्रोब क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच टेकवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल किंवा तिची लग (टोकाची कडी) खराब. तिसरं माप इंजिन ब्लॉक ते बॅटरीचा मायनस. इथे पाव व्होल्टच्या वर गेलं की अर्थ कमजोर.

जुन्या गाडीत आमचा पहिला संशय या तिसऱ्या मापावर. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याला बॅटरीशी जोडणारी खरी वाट म्हणजे अर्थ पट्टी. ती गंजली की करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर या केबल गरम लागल्या तर निदान झालंच. डिझेलचा सेल्फ २०० अँपिअरच्या पुढे ओढतो, त्यामुळे सांध्यात ०.००५ ओहम जरी असला तरी एक व्होल्ट तिथेच जातो. पट्टी काढा, चेसिसचा रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस. पट्टी हिरवी पडली असेल तर २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची नवी टाका. लग क्रिंप केलेली हवी, नुसती हातोडीने ठोकलेली नको.

प्रश्न : जुन्या हरिकेन पेट्रोल इंजिनाची हौदावाली जीप आहे. वीस मिनिटं चालली की झटके देत बंद पडते. अर्ध्या तासाने परत चालू होते. कॉइल आणि प्लग नवे आहेत. पॉइंट मात्र महिन्यात काळेनिळे पडतात.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) निळे पडतात ते जास्त करंटमुळे किंवा त्यांच्यावरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेल्यामुळे. नवी कॉइल कोणती बसवली ते आधी तपासा. दोन्ही वायरी काढून तिच्या प्लस-मायनसमध्ये ओहम मोजा. रेझिस्टर नसलेल्या १२ व्होल्टच्या जोडणीत ३ ते ४ ओहम हवेत. दीडच्या आसपास आले तर ती करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल आहे. थेट जोडल्यावर ती ४ ऐवजी ८ अँपिअरपर्यंत खेचते, स्वतः तापते आणि पॉइंट जाळते. रेझिस्टर बसवा किंवा कॉइल बदला.

कॉइल बरोबर निघाली तर गाडी बंद पडल्या पडल्या, थंड होण्याआधी तपासणी करा. पेट्रोलची गळती किंवा वास नाही हे बघून प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर वायरिंग सोडा. पेट्रोल लाइन तापून वाफ धरतेय. ठिणगी पिवळी किंवा गायब असेल तर टेस्ट लॅम्प घ्या, त्याचं एक टोक अर्थला लावा. चावी चालू असताना कॉइलच्या प्लसवर तो पेटायला हवा. नाही पेटला तर चावीचा स्विच किंवा त्याची वायर. मायनसवर सेल्फ मारताना लुकलुकायला हवा. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर तुटली. पेटतच नसेल तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइल आतून तुटली.

डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचिक वायर हलकेच ओढून बघा. वरचं कव्हर शाबूत आणि आतली तार तुटलेली, हा प्रकार नेहमीचा.

नवे पॉइंट बसवताना कंडेन्सरही बदला (०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड). गॅप ०.५० मिलिमीटर म्हणजे २० थाउ (इंचाचे हजारावे भाग), पॉइंट कॅमच्या टोकावर पूर्ण उघडलेले असताना. प्लगचा गॅप ०.७५. पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये अडकतात. बारीक कानस फिरवा आणि कोरा पुठ्ठा ओढून पुसा. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं : गॅप वाढला तर पुढे, कमी झाला तर मागे. म्हणून शेवटी ते पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधीवर परत लावा. गाणी ऐकायला चावी चालू ठेवून इंजिन बंद ठेवायची सवय असेल तर मोडा. पॉइंट टेकलेल्या जागी थांबले तर कॉइल उगाच तापत राहते.

प्रश्न : दोन रात्री गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. धक्का मारून चालू केली की दिवसभर ठीक चालते.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का बघा. मिळत नसतील तर चावी चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागतो का बघा. बऱ्याच अल्टरनेटरना (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) जागं करणारा करंट याच बल्बमधून जातो. दहा-वीस रुपयांचा बल्ब उडतो आणि अल्टरनेटर दुरुस्तीला जातो.

चार्जिंग ठीक असेल तर गळती शोधा. चावी बंद, दारं बंद, मायनसची केबल काढून तिच्यात आणि खुंटात मीटर १० अँपिअरवर जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दोन दिवसांत २४ अँपिअर-अवर गेले. एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडेल ती लाइन. एकाही फ्यूजने पडला नाही तर मायनस सुटा ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने गुंडाळा आणि मीटर पुन्हा जोडा. आकडा पडला तर अल्टरनेटरचा डायोड गळतोय.

प्रश्न : हेडलाइट मंद आहेत आणि स्विचला हात लावला तर चटका बसतो.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : १०० वॅटचे बल्ब घातले असतील तर आधी काढा, ६०/५५ चेच ठेवा. दोन बल्बांचा नऊ-दहा अँपिअर करंट जुन्या स्विचमधून जातो म्हणून तो तापतो. अप्पर आणि डिपरसाठी एकेक रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा : त्याच्या पिन क्रमांक ३० ला बॅटरीतून १५ अँपिअर फ्यूजमार्गे अडीच चौरस मिलिमीटरची वायर, ८७ हेडलाइटला, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. हेडलाइटच्या अर्थ वायरी गंजक्या पत्र्यावर स्क्रूने अडकवलेल्या असतील तर त्याही थेट चेसिसवर आणा.