गेम थिअरीत (इतर काय करतील हे धरून आपण काय निवडावं, याचा अभ्यास) उत्तर गणितानेच निघतं, मग अर्थशास्त्रज्ञ माणसांवर प्रयोग कशासाठी करतात?

मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. हा प्रश्न आला की मी फळ्याकडे वळत नाही, चिठ्ठ्या वाटते. प्रत्येकाने ० ते १०० मधला एक आकडा लिहायचा. सगळ्या आकड्यांच्या सरासरीचे दोन-तृतीयांश काढायचे. त्याच्या सगळ्यात जवळ असेल तो जिंकला.

आता गणित बघा. सगळ्यांनी १०० लिहिले तरी दोन-तृतीयांश ६७ च्या पुढे जात नाही, म्हणजे त्यावरचे आकडे बाद. हे सगळ्यांना कळलं, की ४४ च्या वरचेही बाद. असं उतरत उतरत ० उरतो. नॅश समतोल, म्हणजे एकट्याने आपली निवड बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, तो हाच.

पण वर्गात ० लिहिणारा हरतो. एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं उत्तर तर बरोबर होतं!" गणित बरोबरच होतं. बाकीचेही शेवटपर्यंत विचार करतील, हे मात्र तिने धरून चाललं होतं.

बाकीचे असा विचार करत किती पायऱ्या उतरतात, हे कागदावरच्या गणितातून कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ रोझमारी नागेल यांनी ते मोजलं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ड झेल्टेन यांच्याकडे बॉनमध्ये संशोधन करताना त्यांनी हा खेळ विद्यार्थ्यांकडून खेळवून घेतला. शोधनिबंध १९९५ साली आला. पहिल्या फेरीत सरासरी साधारण ३७ आली आणि ० कोणीच लिहिला नव्हता. खरी गंमत आकड्यांच्या घोळक्यात आहे. बरेच जण ३३ च्या आसपास (इतर कसेही लिहितील, सरासरी ५० येईल, असा हिशोब), बरेच २२ च्या आसपास (इतर ३३ लिहितील, असा). त्याखाली गर्दी विरळ. माणसं एक-दोन पायऱ्या उतरून थांबतात, आणि कुठे थांबतात तेही दिसतं! मला हा निबंध फार आवडतो, कारण त्यात माणसांना मूर्ख ठरवलेलं नाही.

१९९७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश आर्थिक दैनिकाच्या वाचकांमध्ये हीच स्पर्धा घेतली. सरासरी १८.९१, जिंकणारा आकडा १३. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये शेअर बाजाराबद्दल हेच म्हटलं होतं: शेअर मुळात किती मोलाचा यापेक्षा इतरांना तो कसा वाटेल, याचा अंदाज तिथे चालतो.

घरी दहा-बारा जण जमले की खेळून बघा. प्रत्येक फेरीनंतर सरासरी मोठ्याने सांगा आणि पुन्हा चिठ्ठ्या घ्या. नागेल यांच्या प्रयोगात चार फेऱ्या होत्या. आकडे दर फेरीला खाली सरकत गेले.