पुण्याजवळ तारे बघायला जागा शोधतोयस? आधी दक्षिण बघ

नुसतं शहरापासून किती लांब एवढंच बघू नकोस रे, शहर कुठल्या दिशेला राहतंय ते महत्त्वाचं. पुण्याहून मी वेल्हे नाहीतर भोरकडेच जा म्हणेन, कारण पुण्याचा उजेड उत्तरेकडे राहतो आणि दक्षिण बऱ्यापैकी काळी मिळते, आणि आपल्याकडून खरा खजिना दक्षिणेलाच आहे, वृश्चिक, धनू, आकाशगंगेचा तो जाड पट्टा, आणि एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोल पुंजका, जो इथून क्षितिजाच्या जेमतेम 24 अंश वर येतो, म्हणजे समोर डोंगर किंवा गावातला हायमास्ट आला की गेलाच.

लाइट पोल्युशनचा मॅप बघच, पण एकदा दिवसाही जाऊन ये. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्या शेतात शिरायचं नाही, आणि विचारलंस की उघडी विहीर कुठंय, रात्री पंप कधी चालू होतो, सगळं तोच सांगतो. अमावास्येजवळचा वीकेंड धर. पोचल्यावर अर्धा तास मोबाइल खिशात, टॉर्चला लाल जिलेटिन, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात.

नागपूरकडे कुणी नातेवाईक असतील तर पेंचला जाऊनच ये, 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून जाहीर झालंय ते.