कुंडीतल्या किराईताचा काढा रोज घेतला तर चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी कुंडीत किराईत आहे, सासूबाई गेले दोन महिने रोज सकाळी उपाशीपोटी त्याचा अर्धा पेला काढा घेतात, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि रक्त पातळ ठेवणारी गोळीही चालू आहे, हे चालू ठेवावं का?

माझं उत्तर: नाही. किराईत हा चार दिवस घेऊन सोडायचा काढा आहे, रोजचा चहा नव्हे. त्यात या दोन गोळ्या असतील तर तो डॉक्टरांना न सांगता घेऊच नये.

आधी झाड कोणतं ते बघा, कारण किराईत नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती खपतात. कोकणात परसात येतं ते ओलं किंवा पालेकिराईत, म्हणजे कालमेघ. शास्त्रीय नाव अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, अडुळशाच्या कुळातलं. काष्ठौषधींच्या दुकानात काड्यांची जुडी मिळते ते काडेचिराईत, स्वर्शिया चिरायता. ते हिमालयात उंचावर होतं, कुंडीत येत नाही. संस्कृतात ‘भूनिंब’ हे नाव दोघांनाही लावलं गेलं आणि घोळ तिथून सुरू झाला. तमिळमधला ‘निलवेंबू’, म्हणजे शब्दशः जमिनीवरचा कडुनिंब, हा मात्र कालमेघच.

ओळख सोपी आहे. कालमेघाचं कोवळं खोड दोन बोटांत धरून फिरवा, चार कडा स्पष्ट लागतात. पानं समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, गर्द हिरवी. चुरगळली तरी वास जवळजवळ नाही. फूल नखाएवढं, पांढरं, दोन ओठांचं, पाकळीवर जांभळे ठिपके. शेंग दोन्हीकडे टोकदार, वाळली की तडकून दोन फाका होते. काडेचिराईताची काडी पिवळसर तपकिरी ते जांभळट असते आणि मोडली की आत पिवळसर भेंड दिसतं. चव घेऊन ओळखायला जाऊ नका. दोन्ही कडूजहर, कडुनिंबही कडूच. कडूपणा हा कशाचाच पुरावा नाही.

पुढचं सगळं कुंडीतल्या कालमेघाबद्दल. त्याच्या कडूपणामागचं मुख्य द्रव्य अँड्रोग्राफोलाइड. ते पानांत सर्वांत जास्त आणि खोडात कमी असतं. झाड फुलावर येऊ लागतं तेव्हा पानातलं प्रमाण चांगलं असतं, बी धरल्यावर उतरतं. हे द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, गार पाण्यात तर अगदीच कमी. म्हणून रात्री भिजवून सकाळी गाळलेलं पाणी आणि उकळून आटवलेला काढा यांची ताकद सारखी नसते, आणि बाजारातल्या अर्काच्या गोळीशी तर दोघांचीही तुलना होत नाही. ‘अर्धा पेला’ हे माप यासाठीच फसवं. पेल्यात पाणी किती ते कळतं, औषध किती ते कळत नाही.

सर्दी, घसादुखी किंवा कणकण असलेल्या, दुसरं कोणतंही औषध चालू नसलेल्या धडधाकट माणसासाठी माप असं: सावलीत वाळवलेली पानं २ ग्रॅम (ओली असतील तर साधारण ८ ग्रॅम), पाणी २०० मिली. मंद आचेवर निम्मं आटवा, गाळा, जेवणानंतर कोमट घ्या. दिवसातून दोनदा, तीन दिवस, फार तर पाच. वाळली पानं चमच्याने मोजू नका. चुरा बारीक असेल तर त्याच चमच्यात दुप्पट मावतं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. मध-गूळ घालून काही साधत नाही, कडूपणा गोडाच्या मागून येतोच. एका दमात पिऊन वर गुळाचा खडा चघळला तर निभतं. उपाशीपोटी घेतला की मळमळ, जळजळ, कधी पातळ जुलाब होतात. तीच मात्रा जेवणानंतर बहुतेकांना सोसते.

फायदा किती? श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या संसर्गात, म्हणजे सर्दी, खोकला, घसा यांत, लक्षणं थोडी लवकर कमी होतात असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. मात्र त्यांतल्या पुष्कळशा चाचण्यांचा दर्जा कच्चा आहे. थायलंडमध्ये सर्दीसाठी तो सरकारमान्य औषधांच्या यादीत आहे. २०२१ मध्ये तिथे सौम्य कोविडसाठी रोज १८० मिलिग्रॅम अँड्रोग्राफोलाइड, तेही पाचच दिवस, असं ठरवून दिलं होतं. मात्र त्यावरच्या एका अभ्यासाचा मसुदा आकडेमोडीतली चूक सापडल्यावर मागे घ्यावा लागला. यकृतासाठीची ख्याती मोठी आहे, बंगालमध्ये तर लहान मुलांना ‘आलुई’ म्हणून याच्या पानांच्या गोळ्या देत. पण यकृताबद्दलचा पुरावा मुख्यतः उंदीर-घुशींवरचा आहे. कावीळ झाली तर आधी रक्त तपासा, काढ्याचं नंतर बघू. ‘रक्त शुद्ध होतं’ हे मी सोडूनच देतो, त्याचा नेमका अर्थ सांगणारं कुणी भेटत नाही.

आता सासूबाईंचं. कालमेघ साखर उतरवू शकतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढतं, जेवण झालेलं असो वा नसो. सकाळी गोळी, वर उपाशीपोटी काढा आणि नाश्त्याला उशीर, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, डोकं गरगरणं सुरू होतं. तसं झालं तर आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं असं की अँड्रोग्राफोलाइड रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने जातो. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण निळे डाग, काळी शौच यांकडे लक्ष ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर दाबही जास्त उतरू शकतो.

दोन धोके कमी लोकांना माहीत असतात. पहिला ॲलर्जीचा. अंगावर गांधी उठण्यापासून घसा सुजून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने याचसाठी लोकांना सावध केलं आहे. एकदा अशी प्रतिक्रिया आली की पुन्हा थेंबही नको. दुसरा चव जाण्याचा. काहींची चव बिघडते किंवा जाते आणि काढा थांबवल्यावरही परतायला वेळ लागतो. सासूबाई अलीकडे ‘जेवणाला चव नाही’ म्हणत असतील तर स्वयंपाकाला दोष देण्याआधी काढा आठवा.

गरोदर किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या बाईने तो घेऊच नये. बाळाला पाजणाऱ्या आईनेही नाही. अवयवरोपणानंतर किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी टाळावा, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगून दोन आठवडे तरी बंद ठेवावा.

पावसाळ्यातल्या तापात किराईत द्यायची कोकणात जुनी रीत आहे, आणि खरं नुकसान तिथेच होतं. काढ्याने ताप तासभर उतरला की घरचे निर्धास्त होतात. भातखाचरात उतरणाऱ्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं आणि लाल डोळे असतील तर लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी असतात, तिथे हा काढा कशाला? मलेरियाला तर रक्ततपासणी आणि ठरलेल्या गोळ्या हाच उपाय.

तेव्हा आज काढा थांबवा, पण डॉक्टरांना सांगून. दोन महिने काढ्याने साखर थोडी दाबून ठेवली असेल तर आता वर जाईल, म्हणून आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवा. मनाने गोळी वाढवू नका. ओवा, आलं, तुळस असं काही गरम हवंच असेल तर बिनसाखरेचं नाश्त्याबरोबर द्या.

झाड मात्र उपटू नका. फुलं दिसू लागली की जमिनीपासून चार बोटं सोडून कापा, धुवा, सावलीत पातळ पसरून पान मुठीत कुरकुरीत चुरेपर्यंत वाळवा आणि काचेच्या बरणीत तारीख चिकटवून ठेवा. दमट राहिलं तर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. तसं झालं तर सगळं फेकायचं. वर्षभरापेक्षा जुना पाला ठेवू नका. एखादी फांदी शेंगांसाठी राखा, बी आपोआप कुंडीत पडतं आणि पुढच्या जूनमध्ये उगवतं.