वाचकांचे प्रश्न : मोजमाप बरोबर, मग अंतर का चुकलं?

प्रश्न : मे 2023मध्ये सप्तर्षीजवळच्या एम 101 दीर्घिकेत सुपरनोव्हा (स्फोट होऊन झळाळलेला तारा) दिसला (एसएन 2023 आयएक्सएफ). गच्चीवरून आठ इंची दुर्बिणीने त्याचे फोटो काढले. ऐन भरात असताना प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) 10.8 भरली. निरपेक्ष प्रत (तारा 32.6 प्रकाशवर्षांवर असता तर दिसली असती ती) उणे 19.3 धरली तर अंतर 3.4 कोटी प्रकाशवर्षं येतं. पुस्तकात 2.1 कोटी आहे. कुठे चुकलं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मोजमाप ठीक आहे, तारा भलता निवडलात! उणे 19.3 हा आकडा फक्त ‘वन-ए’ जातीच्या सुपरनोव्हाचा. त्यात श्वेत बटू (विझत आलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) फुटतो आणि कमाल तेज दरवेळी साधारण सारखंच असतं. आयएक्सएफ हा टाइप टू, म्हणजे गाभा कोसळून फुटलेला महाकाय तांबडा तारा. यांचं तेज ताऱ्यागणिक बदलतं. म्हणून आधी वर्णपट पाहायचा. 656 नॅनोमीटरला हायड्रोजन दिसला की ‘वन-ए’ बाद. हायड्रोजन नाही आणि 615च्या आसपास सिलिकॉनची रुंद खाच आहे, तर कामाचा.

गंमत म्हणजे याच एम 101मध्ये ऑगस्ट 2011मध्ये अस्सल वन-ए फुटला होता, एसएन 2011 एफई. सप्टेंबरात तो 9.9 प्रतीपर्यंत चढला. (तेव्हा ठाण्यावर ढग!) त्याचं गणित करून पाहा : 9.9 अधिक 19.3 म्हणजे 29.2. त्यात 5 मिळवून 5ने भागा, 6.84. दहाचा 6.84वा घात म्हणजे सुमारे 69 लाख पार्सेक. एक पार्सेक 3.26 प्रकाशवर्षांचा, म्हणून गुणिले 3.26, म्हणजे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षं. प्रतीत 0.1ची चूक झाली तर अंतरात जवळपास 5 टक्क्यांची होते, त्यामुळे एवढा फरक चालायचाच.

वन-ए मिळाला तरी दोन दुरुस्त्या राहतात. सावकाश मावळणारा मुळातच जास्त तेजस्वी असतो. म्हणून कमाल तेजानंतर 15 दिवसांत निळ्या (‘बी’) फिल्टरमध्ये तेज किती प्रतींनी उतरलं ते पाहतात. सर्वसाधारण वन-ए 1.1ने उतरतो. मे अखेरीस फुटलेल्या ताऱ्याचे हे 15 दिवस आपल्याकडे पावसात जातात, त्याला इलाज नाही.

दुसरी दुरुस्ती धुळीची, आणि ती भल्याभल्यांना चकवते. एम 82 दीर्घिकेतला वन-ए, एसएन 2014जे, हिरवट-पिवळ्या (‘व्ही’) फिल्टरमध्ये 10.6पर्यंत चढला. तसाच सूत्रात घातला तर 3.1 कोटी प्रकाशवर्षं. खरं अंतर 1.2 कोटी! कमाल तेजाला वन-एची बी आणि व्ही प्रत जवळपास सारखी हवी. इथे फरक सव्वा प्रतीचा होता, म्हणजे वाटेत दाट धूळ. तिने व्हीमधलाच प्रकाश जवळपास दोन प्रतींनी खाल्ला होता.

प्रश्न : वाशीच्या उजळ आकाशात अशी मोजणी जमेल का?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : बाराव्या प्रतीपर्यंत जमेल. व्ही फिल्टर लावून 60 सेकंदांचे 20 फोटो घ्या आणि एकत्र करा. डार्क (दुर्बीण झाकून घेतलेला फोटो) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठाचा फोटो) चुकवू नका. तुलनेचे (प्रत माहीत असलेले) तारे त्याच चौकटीतले घ्या आणि एकही तारा सॅच्युरेट (कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडे उजळ) होऊ देऊ नका. दीर्घिका क्षितिजापासून 30 अंशांच्या वर असतानाच मोजा. शेजारी तेजोमेघ असेल तर मोजणीचं वर्तुळ (ज्यातला उजेड ताऱ्याचा म्हणून मोजतात ते) लहान ठेवा. आयएक्सएफच्या जवळ एनजीसी 5461 हा तेजोमेघ होता, त्याचा उजेड वर्तुळात शिरला की तारा फुकटचा तेजस्वी दिसतो.